रिमार्क : लाइन ओके

आता कुणाला सांगून पटत नाही, पण इंटरनेट एकेकाळी ओरडत यायचं. कॉम्प्युटरच्या शेजारी मोडेम नावाची एक डबी असायची. तिच्यात टेलिफोनची वायर घालायची आणि बटण दाबायचं. मग ती डबी आपणहून नंबर फिरवायची, किंचाळायची, खर्र खर्र करून घसा साफ करायची, आणि नशिबात असेल तर गप्प व्हायची. गप्प झाली म्हणजे लागलं. माझी नात हे ऐकून म्हणते, "आज्जा, कायबी सांगतासा." तिचं वायफाय दोन मिनिटं थांबलं की ती घर डोक्यावर घेते.

मी टेलिफोन खात्यात फोन मेकॅनिक होतो. लोक लाइनमनच म्हणायचे, आणि आम्हीही कधी दुरुस्त करायला गेलो नाही. कोल्हापुरातल्या अर्ध्या पेठांचे खांब मी चढलोय. कुठल्या खांबाला शॉक बसतो, कुठल्या गल्लीतलं कुत्रं चावतं आणि कुठल्या घरात चहा मिळतो, हे मला अजून पाठ आहे. दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, नोकरीतल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत, एकदोन सांगतो. पण ज्याच्यासाठी लिहायला बसलोय ती गंमत नव्हे.

राजारामपुरीत एका प्रोफेसरांचं इंटरनेट रोज दुपारी चारच्या सुमाराला तुटायचं. रोज. प्रोफेसर म्हणाले, सरकार मुद्दाम तोडतंय. मी एक दिवस साडेतीनलाच जाऊन बसलो. चार वाजले, तुटलं. आत जाऊन बघतो तर स्वयंपाकघरात दुसरा फोन, त्याच लाइनीवर जोडलेला, आणि सासूबाई रिसीव्हर कानाला लावून उभ्या. सून माहेरी काय बोलते ते ऐकायला त्या रोज चहाआधी फोन उचलायच्या. मला बघून दचकल्या आणि वर मलाच म्हणाल्या, "नुसती शिट्टी मारती हो! कुठल्या भाषेत बोलती कुणास ठाऊक." लाइन एकच, तिच्यावरून एक तर माणूस बोलणार नाहीतर कॉम्प्युटर. मधेच कुणी रिसीव्हर उचलला की संपलं. हे त्यांना समजावता समजावता माझा चहा गार झाला. एका गुळाच्या अडत्यानं तर खंडेनवमीला तराजूबरोबर मोडेमचीही पूजा केली आणि वर पंचामृत शिंपडलं. त्यानंतर ती डबी बोललीच नाही. अडत्या म्हणाला, "पूजेनं कवा काय बिघडतंय व्हय?"

तुटलेलं इंटरनेट बरं. तुटलं की माणसाला कळतं, परत लावता येतं. वाईट ते अडकलेलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन बारके कॉम्प्युटर लुकलुकायचे. लुकलुकताहेत तोवर माल येतोय. ते विझून तसेच राहिले की समजायचं, अडकलं. फोनचं मीटर पळतंय, पडद्यावर 'जोडलेले आहे' म्हणून लिहिलंय, आणि पलीकडून काही येत नाही. अशा वेळी कॉम्प्युटरवाला म्हणायचा लाइनवाल्याला बोलवा, आणि आम्ही म्हणायचो कॉम्प्युटरवाल्याला बोलवा. मधल्या मधे गिऱ्हाईक चेंडूसारखं इकडून तिकडं.

आमची तपासणी कशी असायची तेही सांगतो. तक्रारीची चिठ्ठी हातात यायची. घराजवळच्या खांबावर चढायचं, तिथल्या डब्यात आपला टेस्टचा फोन चिमट्यानं लावायचा आणि घरात रिंग द्यायची. "हॅलो, ऐकू येतंय न्हवं?" "येतंय." झालं. चिठ्ठीवर रिमार्क लिहायचा, 'लाइन ओके'. संध्याकाळी पाचच्या आत सगळ्या चिठ्ठ्या निकालात निघाल्या पाहिजेत, नाहीतर साहेब बिनपाण्यानं करायचा. टेलिफोन हा बोलायसाठी असतो, बोलणं ऐकू आलं म्हणजे लाइन चांगली, असं आम्ही शिकलो होतो. कॉम्प्युटरचा कान माणसापेक्षा हळवा असतो, आपल्याला जी बारकी खरखर वाटते तिथं तो घोटाळून बसतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं असतं का, देव जाणे.

आणि एक. खांबापासून घरापर्यंत येणारी वायर तुटली की दोन्ही टोकं सोलून पीळ द्यायचा आणि वर टेप गुंडाळायची, हा नियम. टेप स्टोअरमध्ये कायम संपलेली. मग आम्ही दुधाची पिशवी वापरायचो. कोल्हापुरात कुठल्याही दारात धुऊन वाळत घातलेली दुधाची पिशवी सापडतेच. ती फाडून जॉइंटवर गुंडाळायची आणि सुतळीनं आवळायची. सगळेच करायचे, मीही केलं. फक्त त्या पिशवीत वरून पाणी शिरायचं आणि खालून जायला वाट नसायची. बोलण्यापुरतं चालून जायचं.

आता आप्पांचं सांगतो.

आप्पा खराडे मूळचे बिद्रीकडचे. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून त्यांची हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर फुलेवाडीच्या पुढं त्यांनी छोटं घर बांधलं. बायको वारलेली. एकुलता मुलगा अजित अमेरिकेत. पावसाळ्यात त्यांची पहिली तक्रार आली तेव्हा मी गेलो, तर त्यांनी मला खुर्चीत बसवून एक वही पुढं ठेवली. 'सकाळी सात वीस, लागले. सात अठ्ठावीस, थांबले. मेसेज एक, एकूण चार.' पानंच्या पानं असली.

"लागतंय मगदूम, पण सरकत न्हाई," आप्पा म्हणाले. "चार पत्रं आल्यात पोराची. पैलं पत्र लई जड हाय, फोटोबिटो असंल. निम्म्यावर येतंय आणि थांबतंय. परत लावलं की परत पैल्यापासनं."

"मग बाकीची तीन?"

"कारखान्याच्या गेटात उसाची एक गाडी आडवी झाली की मागची रांग काय करणार? बसल्यात तिथंच."

मी खांबावर चढलो, घरात रिंग दिली. आप्पांनी उचलला. "ऐकू येतंय?" "येतंय. जरा खरखरतंय." "तेवढं चालतंय आप्पा." लाइन ओके. कॉम्प्युटर तपासून घ्यावा.

कॉम्प्युटरवाला खोकं घेऊन गेला आणि तीन दिवसांनी आणून दिलं, लाइनमध्येच लोचा आहे म्हणून. दुसरी तक्रार आली. लाइन ओके. तिसरी आली. लाइन ओके. वहीत चाराची सहा पत्रं झाली, मग आठ. पत्रं आलेली आकड्यात दिसायची आणि हातात पडायची नाहीत.

तिसऱ्या वेळी आप्पांनी मला अडवलं. वहीत त्यांनी तांबड्या पेनानं खुणा केल्या होत्या. "हे बघा. दुपारी ऊन पडलं की पंधरा-सोळा मिनिटं टिकतंय. सकाळी आणि पाऊस झाल्यावर पाच-सहा. कुठंतरी ओल हाय. वरचं जॉइंट एकदा उघडून बघा की."

माणसानं रोग शोधून, कागदावर मांडून माझ्या हातात दिला होता. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही साखरेचं बघा, तारेचं आम्ही बघतो." त्यांनी वही मिटली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले. हे वाक्य मला आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

चहा पिता पिता मी विचारलं, "पोराला फोन लावून विचारा की, काय लिवलंय म्हणून."

तेव्हा त्यांनी सांगितलं. बायको गेली तेव्हा अजित आला होता. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं आणि चौथ्या दिवशी तो परत निघाला, उत्तरकार्याला थांबला नाही. नोकरी नवी होती, रजा नव्हती. आप्पा दारात उभे राहून सगळ्या भावकीसमोर म्हणाले, "आता माझ्या मयताला बी येऊ नगंस." त्यानंतर तो फोन करायचा, आणि आवाज ऐकला की आप्पा रिसीव्हर खाली ठेवायचे. वर्षभरानं त्यानं फोन सोडून पत्रं लिहायला सुरुवात केली, कॉम्प्युटरवरची. तो कॉम्प्युटर त्यानंच मित्राच्या हातून पाठवलेला. आप्पा त्या पत्रांना उत्तर द्यायचे. दोन ओळी, पण द्यायचे.

"तोंडानं बोलाय येत न्हाई मगदूम. वाचून लिवाय येतंय."

"मग लिवा की, पत्र अडकलंय म्हणून."

"त्यानं काय लिवलंय ते वाचल्याबिगर? मी उभ्या जन्मात न वाचता सही केलेली न्हाई."

असा माणूस. त्या हट्टापायी त्यांचं वाटोळं झालं असं म्हणून मी बरेच दिवस स्वतःची समजूत घातली.

चौथी तक्रारही मी 'लाइन ओके' लिहून निकालात काढली. पाचव्या तक्रारीला त्यांनी वहीची चार पानं नक्कल करून थेट साहेबाला नेऊन दिली. साहेबानं मला बोलावून सगळ्यांसमोर झाडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भुरभुर चालू असतानाच मी चरफडत तो खांब चढलो, आणि पहिल्यांदा वरचं जॉइंट उघडलं. दुधाची पिशवी. सुतळी कापली तसं आतलं पाणी माझ्या कोपरापर्यंत आलं. तांबं हिरवं पडलेलं. आणि सुतळीची गाठ माझी होती. प्रत्येक लाइनमनची गाठ वेगळी असते, शिंप्याची शिवण जशी. दोनेक वर्षांपूर्वी मीच ते बांधलं होतं आणि मीच त्याच्या शेजारी टेस्टचा फोन लावून पाच महिने ओके लिहीत होतो. वर कुणी बघत नव्हतं, तरी मी पिशवी घाईनं खिशात कोंबली.

नवी वायर ओढली. घरात गेलो. आप्पांनी बटण दाबलं, डबी ओरडली, लागलं. कोपऱ्यातले दोन कॉम्प्युटर लुकलुकायला लागले. आम्ही दोघं त्यांच्याकडं बघत बसलो. पाच मिनिटं, दहा, वीस. आप्पा हळू आवाजात मिनिटं मोजत होते. पहिलं पत्र उतरलं आणि त्यामागून बाकीची दहा धडाधडा आली.

पहिल्यात फोटो होता, टोपडं घातलेलं तान्हं पोर. नात झाली होती. आप्पांनी चष्मा पुसला, परत घातला. मग एकेक पत्र क्रमानं वाचत गेले. मी उठायला पाहिजे होतं, पण पाय निघेना. आठव्या पत्रावर ते थांबले. मग मान न वळवता मला म्हणाले, "वाचा."

अजितनं लिहिलं होतं, सुट्टी मिळालीय, बाळाला घेऊन पुण्याला सासरी येतोय, तीन आठवडे आहोत. घरी येऊ का? 'या' एवढंच लिहा. नाही लिहिलंत तर समजेन, आणि तिथूनच परत जाईन. नववं पत्र पुण्याहून होतं, तेच विचारणारं. दहावं आणि अकरावं परत गेल्यावरची. अकरावं एका ओळीचं होतं. 'तुमची इच्छा समजली, आता त्रास देणार नाही.'

"पुण्यासनं फोन आलता एकदा," आप्पा म्हणाले. "त्याचाच. मला काय म्हाईत तो पुण्यात हाय? मी ठेवला की खाली."

मी म्हणालो, "पावसाचं पाणी गेलतं आप्पा वायरीत." पिशवी माझ्या खिशात होती.

आप्पांनी त्याच दिवशी लिहिलं. लाइन खराब होती, पत्रं आज मिळाली, या. तीन दिवसांनी उत्तर आलं. लाइन खराब होती तर माझा फोन उचललात कसा? उचलून ठेवलात, म्हणजे चालू होता. निमित्तं सांगू नका.

उत्तर घेऊन आप्पा एक्स्चेंजला आले. कारखान्यात जाताना घालायचे तसा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मला बाहेर बोलावलं. "मगदूम, एक काम करा. खात्याच्या कागदावर लिवून द्या. बोलणं ऐकू येत हुतं, पण कॉम्प्युटर चालत न्हवता, जॉइंट खराब हुतं, अमक्या तारखेला बदललं. खाली सही. मी त्याला तो कागद पाठवतो. माझं पटत न्हाई त्याला, तुमचं पटंल."

मागणं केवढं? चार ओळी. पण त्या चार ओळी लिहिल्या की माझे पाच महिन्यांचे चार 'ओके' खोटे ठरत होते, आणि मी खात्याची परीक्षा पास होऊन बढतीच्या यादीत होतो. कागद साहेबाकडं गेला असता तर मेमो, चौकशी, नाव यादीतून बाहेर. मी म्हणालो, "साहेबांना इचारून सांगतो आप्पा."

विचारलं नाही. आप्पा आठवड्यानं परत आले, बाकावर तासभर बसले. मी मागच्या फाटकानं सटकलो. तिसऱ्यांदा आले तेव्हा दुसऱ्या एका मेकॅनिकनं मला खूण केली आणि मी केबल रूममध्ये जाऊन बसलो. तिथून त्यांचा आवाज ऐकू येत होता. "हैत का मगदूम? गडबड न्हाई, थांबतो मी." त्यानंतर आले नाहीत. मी ती गल्ली दुसऱ्याला देऊन टाकली. बढती झाली. घरी पेढे वाटले, मीही खाल्ले.

दोन-अडीच वर्षांनी आप्पा गेले. मला पेपरात फोटो बघून कळलं. पुतण्यांनी केलं सगळं. मी रक्षाविसर्जनाला जातो म्हणून घरातून निघालो आणि रंकाळ्यावर बसून परत आलो.

मी तेव्हा फोन बंद करायच्या, नावावर करायच्या कामांच्या खिडकीवर होतो. महिन्याभरानं एक चाळिशीच्या आतला माणूस आला, हातात पिशवी, पिशवीत टेलिफोनचं यंत्र. अर्जावर नाव होतं, अजित खराडे. घर विकायला काढलंय, फोन बंद करायचाय म्हणाला. मी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि सगळं सांगितलं. पिशवी, गाठ, ओके, बाकावर बसलेले आप्पा, केबल रूम. काही राखून ठेवलं नाही. शेवटी म्हणालो, "तुमचे वडील खोटं बोलत न्हवते. लाइन खरंच खराब हुती. मी लिवून देतो, आत्ता देतो."

अजितनं पिशवीतलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "काका, माझं काम नेटवर्कचंच आहे. फोन चालतो आणि मोडेम अडकतो, हे मला कळत नसणार होय? आप्पांचं पत्र वाचलं त्या मिनिटाला मला कळलं होतं, वायर ओली असणार म्हणून."

"मग तसं का लिवलंसा?"

"'या' म्हणतील असं वाटलं नव्हतं. म्हणाले, आणि मला भीती वाटली. त्या दारात परत उभं राहायची. मग लिहिलं काहीतरी." त्यानं अर्ज पुढं ओढला. "पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ असं चाललं होतं."

त्यानं सही केली, पावती घेतली आणि गेला.

खरं सांगतो, तो गेल्यावर मला बरं वाटलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. माझ्या कागदानं काही झालंच नसतं, पोरगं तरीही आलं नसतं. मी पाणी प्यालो, पुढच्या माणसाला आत बोलावलं, त्याचं काम केलं. संध्याकाळी सायकल काढताना ध्यानात आलं, की कागद अजितला नकोच होता. तो आप्पांना हवा होता. आपण खरं बोलतोय असं दुसऱ्या कुणीतरी सही करून म्हणावं, एवढ्यासाठी तो म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून तीनदा आला होता. आणि मी भिंतीपलीकडं बसून ते जायची वाट बघत होतो.